वरच्या कप्प्यातले आठ

बंडूजी भोयरांना खाली बसायचे म्हटले की आधी मनातल्या मनात एक बैठक घ्यावी लागे. कशाला धरून बसायचे, उठताना काय धरायचे, आणि बसलोच आहोत तर खालची आणखी कोणती कामे उरकून घ्यायची. बैठकीचा निर्णय बहुधा 'आज राहू द्या' असाच होई. वय अठ्ठावन्नला टेकलेले. वरचे अंग अजून दांडगे, खांदे असे की दारातून तिरपे होऊन आत यावे. पण कमरेखालचा माणूस जणू दुसराच कुणी होता आणि तो दहा वर्षांनी मोठा होता.

ते मूळचे वडनेरचे. हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये त्यांनी एकवीस वर्षे हमाली केली. रुईची, म्हणजे दाबून बांधलेल्या कापसाची गाठ पावणेदोनशे किलोची. तिला चौघांनी लोखंडी आकडे लावायचे, "हां भाऊ" म्हणायचे आणि उचलायचे, बस. त्र्याण्णव साली प्रेस बंद पडली, हमाल घरी बसले, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत बंडूजींनी जे पाहिले त्याची धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. लाकडाच्या ओंडक्यासारख्या मांड्यांची माणसे दारापुढच्या बाजेवर बसून बसून वाळली. मेले कुणी नाही. फक्त एखाद्या सकाळी उठायला गेले आणि पायांनी ऐकले नाही. तेव्हापासून बंडूजींचे सगळे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे: बसला तो गेला. घरचे या वाक्याला इतके कंटाळले होते, की पाहुण्याला "बसा" म्हणतानाही तानाबाई आधी नवऱ्याकडे बघत.

शहाण्णव साली पवनारच्या रस्त्याला एका ट्रस्टने लहानसे संशोधन केंद्र काढले. तिथल्या प्राणिघरात पांढरे उंदीर सांभाळायला माणूस हवा होता. मुलाखतीत संचालकांनी विचारले, "उंदरांची भीती वाटते का?"

"साहेब, जिनिंगमधे आमी आन उंदीर एकाच डब्यात जेवत होतो," बंडूजी म्हणाले. "किळस त्याइलेच येत असन."

नोकरी लागली. पिंजरे धुवायचे, धानाचे तूस बदलायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मेलेल्यांची नोंद करायची. फाटकावरचा चौकीदार प्रेमदास रोज सकाळी सायकल अडवून सलाम ठोकी. "काहो उंदीरसेठ, कारभार कसा हाय?" बंडूजी न थांबता उत्तर देत, "तुह्यापेक्षा बरा. माहे उंदीर ड्युटीवर झोपत नाईत."

दोन हजार चार साली डॉक्टर यामिनी देशकर तिथे रुजू झाली. पस्तिशीतली, वर्ध्याच्याच एका शिक्षकाची मुलगी, पुण्यात शिकून परत आलेली. परत का आली, हे वर्धेकरांना शेवटपर्यंत समजले नाही, आणि काही दिवशी तिलाही. तिला म्हातारे उंदीर हवे होते. तरुण उंदीर पत्र टाकले की नागपूरहून खोक्यात भरून येतात. म्हातारा उंदीर कुणी विकत नाही. तो पाळून म्हातारा करावा लागतो. दोन वर्षे लागतात त्याला, आणि दोन वर्षांचा उंदीर म्हणजे सत्तरीचा माणूस. मधले दोन उन्हाळे, विजेचे भारनियमन आणि बंद पडलेले कूलर यांतून त्याला जिवंत काढायचे, म्हणजे तेही बंडूजींनीच.

"एवढे म्हातारे कायले पाह्यजे, मॅडम?" एकदा त्यांनी विचारलेच.

यामिनीने चहाचा कप बाजूला ठेवला. तिला कुणी विचारत नसे, म्हणून कुणी विचारले की ती नीट सांगे. "प्रत्येक पेशीत एक मोठं पुस्तक असतं, बंडूजी. शरीर कसं चालवायचं ते त्यात लिहिलेलं. पण त्यातले काही तुकडे जागेवर थांबत नाहीत. स्वतःची नक्कल काढतात आणि उडी मारून भलत्याच पानावर जाऊन चिकटतात. तरुणपणी शरीर त्यांना दाबून ठेवतं. म्हातारपणी हा दाब सैल होतो, असा माझा अंदाज आहे. आणि स्नायूतल्या पेशी वर्षानुवर्षं त्याच त्या. तिथं एक पान बिघडलं की बिघडलंच. म्हातारपणी मांड्या का वाळतात, त्यातलं थोडंफार यानं समजेल."

बंडूजींनी झाडू भिंतीला टेकवून विचार केला. "म्हंजे वानरं."

"वानरं?"

"आमच्या वडनेरले कवेलूचे घरं. घरात पोट्टेपाट्टे असले का वानर छपरावर टिकत नाई, कोणी ना कोणी गोटा मारते. पण म्हातारा-म्हातारी दोघंच राह्यले, का मंग या छपरावरून त्या छपरावर. कवेलू फुटते, घर गळते, आन म्हाताऱ्याच्यानं हाकलणं होत नाई."

यामिनीने वहीत एका कोपऱ्यात 'वानरं' असे लिहून घेतले. पुण्यात तिला हे समजावून सांगायला गुरुजींना दोन तास लागले होते.

"मंग वानरं हाकलाचं औषध काय?"

"ते फार पुढचं. आधी वानरं आहेत एवढं तर दाखवू."

बंडूजींना हे काही पटले नाही. छपरावर वानर आहे हे दाखवायला शास्त्रज्ञ कशाला लागतो? त्यांनी झाडू उचलला.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर होता. अकरा नंबरचा उंदीर वयाआधीच मागचे पाय ओढत चालू लागला होता. बाटलीपर्यंत जायचा, थांबायचा, जणू बसून घेऊ का म्हणून विचारायचा. बंडूजींना ते बघवेना. त्यांनी अंबाडीच्या एका दोराचे खालचे टोक खिडकीच्या गजाला बांधले, वरचे टोक रॅकच्या वरच्या कप्प्याला, उंदराच्या पिंजऱ्याशी. अकरा नंबरला दोराच्या खालच्या टोकाला ठेवले. उंदराला वर आपले घर दिसले. तो थरथरला, घसरला, आणि चढला. बंडूजींनी त्याला पुन्हा खाली ठेवले.

"चाल. बसला तो गेला."

महिन्याभरात अकरा नंबर दोर चढून वर बंडूजींची वाट बघू लागला. मग त्याचा शेजारी. मग वरच्या कप्प्यातले आठही. प्रत्येकाला तीन-तीन फेऱ्या, रोज सकाळी तूस बदलताना. ना खाऊ, ना लालूच, फक्त चढायचे. यात काही लपवण्यासारखे आहे असे बंडूजींना वाटले नाही, म्हणून त्यांनी लपवले नाही, आणि सांगण्यासारखे आहे असेही वाटले नाही, म्हणून सांगितले नाही. गाय फिरवली, बैल फिरवला, तर ते कुणी मालकाला जाऊन सांगते काय?

म्हातारे उंदीर एकूण सोळा होते. आठ वरच्या कप्प्यात, आठ अगदी खालच्या. मधल्या कप्प्यात तरुण. खालच्या आठांनाही दोर द्यावा असे बंडूजींना फार वाटे. पण त्यांच्यापाशी बसायचे, एकेकाला तीनदा उचलायचे, म्हणजे अर्धा तास उकिडवे. पहिल्या दिवशी प्रयत्न केला तेव्हा उठताना रॅकच अंगावर येत होती. खालचे पिंजरे ते स्टुलावर बसून, वाकून, ओढून कसेबसे धूत आणि परत ढकलत. "तुमचं नशीब खराब हाय बाप्पा," एवढे म्हणत.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर सोळाही उंदीर कामी आले. त्यांच्या मांड्यांचे तुकडे गोठवले गेले, आणि यामिनी महिनोन् महिने यंत्रापुढे बसली. नळ्यांवर फक्त खुणा होत्या. कोणती नळी कोणत्या उंदराची, हे मोजून होईपर्यंत तिचे तिलाही बघायचे नव्हते. मोजून झाले, यादी उघडली, आणि तिचा चेहरा उतरला.

जानेवारीत एका दुपारी कूलरची मोटर दाखवायला बंडूजी तिच्या खोलीत गेले. फळ्यावर सोळा आकडे होते. त्यांतल्या आठांभोवती लाल गोल.

"हे गोल काऊन केले, मॅडम?"

"हे आठ मला वेडी करून सोडणार आहेत." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "बाकीच्या आठांत वानरंच वानरं. अगदी मला वाटलं होतं तसं. आणि या आठांत जवळजवळ शांतता, तरुणांसारखी. वय तेच, जात तीच, खाणं तेच. तीनदा मोजलं. म्हणजे एक तर फ्रीज कधीतरी बंद पडला होता, नाहीतर माझेच हात वाईट आहेत."

बंडूजींनी फळ्याकडे पाहिले. चार, सात, नऊ, अकरा. नंबर जन्माच्या वेळी पडत, आणि कोणता उंदीर कोणत्या कप्प्यात हे कुठल्याही वहीत लिहिलेले नव्हते. ते फक्त पिंजरे धुणाऱ्याला ठाऊक होते. लाल गोलातला एकूण एक उंदीर वरच्या कप्प्यातला होता.

"मोटर पाह्यता का?" एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

त्याच आठवड्यात त्यांचा अर्ज संचालकांच्या टेबलावर होता. तीस जूनला ते निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली होती. पगारासाठी नाही, मुलगा नागपूरला कामाला होता, दोन माणसांचे भागत होते. बंडूजींना निवृत्ती म्हटले की बाज दिसे. दारापुढे टाकलेली, मधे झोळ आलेली, आणि तिच्यावर आपण.

प्रेमदासला त्यांनी फाटकाशी सगळे सांगितले. तो आधी पोट धरून हसला. "उंदराईचा आखाडा! अन् मले सांगतलं नाई! तिकीट लावलं असतं ना मी." मग त्याने आवाज खाली केला. "पण आता गप राहा, भाऊ. साहेबाले समजलं ना, का यानं मॅडमच्या प्रयोगात हात घातला, तर मुदतवाढ राह्यली बाजूले, जूनच्या आधीच घरी बसवन."

"मॅडम म्हणते तिचे हात वाईट हाय."

"म्हणू द्या ना. हात तर हात. ते शिकलेली हाय, तिले दुसरी नोकरी भेटन. तुमाले भेटन का?"

घरी तानाबाईंनी भाकर वाढता वाढता ऐकून घेतले. "अवो, तुमाले कोणं सांगतलं होतं कसरत कराले?"

"पाय ओढत होता तो."

"मंग घरी माह्ये पाय दिसले नाई का कधी?" तानाबाई म्हणाल्या, आणि आणखी भाजी वाढली. बंडूजींनी भाकर मोडली.  जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "सांगाचं असन तर सांगून टाका. पण घरात बसून मले दिवसभर चालवू नका."

फेब्रुवारीत प्रकल्पाला पैसे देणारी समिती दिल्लीहून यायची होती. तिच्यापुढे काही धड मांडता आले नाही, तर यामिनीचा प्रकल्प तिथेच संपणार होता. बंडूजी रोज ठरवत आणि रोज पिंजरे धुऊन घरी जात. सांगितले तर बाज. नाही सांगितले तर... नाही सांगितले तर काय, हे त्यांना एका मंगळवारी समजले. यामिनी टेबलावर एक पत्र लिहीत होती आणि त्यांना बघून उगीच हसली.

"काम थांबवतेय, बंडूजी. लिहून टाकते की माझी मोजणी भरवशाची नाही. दुसऱ्या कुणी तरी करावं."

एकवीस वर्षांच्या हमालीत बंडूजींनी एक गोष्ट कधी केली नव्हती. चौघांनी गाठ उचलली की आपला आकडा मधेच सोडायचा नाही, कारण मग सगळा भार बाजूच्याच्या पायावर येतो. ते स्टुलावर बसले. बसताना टेबल धरले.

"मॅडम, ते आठ वरचे हायेत."

"वरचे म्हणजे?"

"वरच्या कप्प्यातले. मी त्याइले दोर चढवत होतो."

यामिनीच्या हातातला पेन तसाच राहिला. "काय चढवत होता?"

बंडूजींनी सांगितले. दोर, गज, तीन फेऱ्या, अकरा नंबर. सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. वाकणे जमत नसले तरी मान तेवढी वाकत होती.

"किती दिवस?"

"सव्वा-दीड वर्ष असन."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी मी येत नाई."

"आणि खालच्या आठांना?"

"नाई."

"का नाही?" तिचा आवाज चढला. "सगळ्यांना चढवलं असतं तर निदान सगळे सारखे तरी राहिले असते! आठांनाच का?"

"गुडघे, मॅडम," बंडूजी म्हणाले. "खाली बसलो का उठणं होत नाई."

 मग यामिनी हसली. ते हसणे चांगले नव्हते. हसता हसता तिने कपाळ टेबलावर टेकवले. बंडूजींना उठून जावेसे वाटत होते, पण उठणे ही अशी एकदम करण्याची गोष्ट नव्हती.

"तीन वर्षं, बंडूजी," ती टेबलाशीच बोलली.

"हो."

"एक कागद लिहिला असता. एक ओळ."

"हो."

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली आणि दोघांना एकदमच आत बोलावणे आले. संचालक मोठ्या आवाजात बोलणारे नव्हते, आणि तेच वाईट होते. त्यांनी मुदतवाढीचा अर्ज पुढे घेतला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. बंडूजींनी ती रेघ ओढली जाताना पाहिली. डावीकडून उजवीकडे, फार वेळ नाही लागला.

"सर, एक विनंती होती," यामिनी म्हणाली. "यातून सिद्ध काहीच होत नाही. नोंद नाही, किती चढले त्याचा हिशेब नाही, समितीपुढे हे ठेवता येणार नाही. पण प्रश्न तर मिळाला. हालचालीनं वानरं... हे घटक दबतात का, हाच तो प्रश्न. आपल्याकडे सव्वा वर्षाचे वीस उंदीर आहेत. आठ-दहा महिन्यांत तेही म्हातारे होतील. समितीला मी तेवढी मुदत मागते. मात्र त्यांना सांभाळायला माणूस हेच हवेत. दुसऱ्या कुणाच्या हातून एवढे म्हातारे उंदीर जगणार नाहीत."

संचालकांनी अर्जावरच्या आपल्याच रेघेकडे पाहिले. "हे काम संपेपर्यंत," ते म्हणाले. "वर एक दिवससुद्धा नाही."

समितीने मुदत दिली, तीही तोंड वाकडे करून. अशा रीतीने बंडूजींना हवे होते ते मिळाले, आणि मिळाले ते कसे हे पुढच्या सोमवारी समजले.

यामिनीने वीस चिठ्ठ्या काढल्या. दहा उंदीर चढणारे, दहा बसणारे. सुताराकडून कमरेएवढे उंच लाकडी बाक करून घेतले आणि वीसही पिंजरे त्यावर एका ओळीत मांडले. "तुमच्या गुडघ्यांवर प्रयोग सोपवायचा नाही आता," ती म्हणाली. चढणाऱ्यांना रोज तीन फेऱ्या, रविवारीसुद्धा. बसणाऱ्यांना तूस, पाणी, दाणे, आणि दुसरे काही नाही. हात लावायचा तो फक्त पिंजरा बदलताना आणि शनिवारी मोजताना. मोजायचे असे: उंदराला जाळीवर ठेवायचे, जाळी उलटी करायची, आणि तो लटकून किती सेकंद राहतो ते घड्याळात बघायचे. खाली मऊ तुसाचे घमेले. रोज वहीत सही.

"म्हंजे दहाईले मी बसवून ठेवाचं," बंडूजी सावकाश म्हणाले.

"हो."

"मीच."

"तुम्हीच. नाहीतर समजणार कसं?"

 तीस जूनला त्यांना नारळ, शाल आणि भाषण मिळाले. एक जुलैला ते पुन्हा सायकल घेऊन फाटकाशी आले. प्रेमदासने सलाम ठोकून विचारले, "काहो, रिटायर होऊन कसं वाटते?"

"समजलं का सांगतो," बंडूजी म्हणाले.

पावसाळा गेला, थंडी आली. चढणारे दहा त्यांच्या ओळखीचे झाले, बोटावर चढून बसू लागले. बसणारे दहा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात हळूहळू चपटे होत गेले. त्यांत सहा नंबरचा एक होता. जुलैत जाळीला अठ्ठावीस सेकंद लटके. गणपतीत एकवीस. दिवाळीला चौदा. सकाळी बंडूजी दोर बांधू लागले की तो जाळीला नाक लावून बघे. बंडूजी त्याच्याकडे पाठ करून काम करायला शिकले. पाठ केली तरी माहीत असायचे.

डिसेंबरात एका शनिवारी प्रेमदास ऊन खायला खिडकीशी येऊन उभा राहिला. बंडूजींनी सहा नंबरला जाळीवर ठेवले आणि जाळी उलटी केली. उंदराचे मागचे पाय आधी सुटले. पुढच्या दोन पंज्यांवर तो झुलला, आणि पडला.

"नऊ," बंडूजी म्हणाले.

"एवढं जिवाले लागते तर द्या ना त्याले दोन फेऱ्या," प्रेमदास म्हणाला. "मॅडम कुठं पाहून राह्यली? गेली वर्ध्याले."

दोर समोरच होता. उंदीर त्यांच्या तळहातावर होता, गरम, हलका, धापा टाकत. मागचा एक पाय बोटांच्या फटीतून खाली लोंबत होता. बंडूजींनी तो अंगठ्याने उचलून नीट आत घेतला. उभे राहून राहून त्यांचे स्वतःचे गुडघे ठणकत होते, आणि स्टूल दोन हातांवर होते.

"नाई," ते म्हणाले.

"काऊन?"

"एक वेळ करून पाह्यलं ना." त्यांनी सहा नंबरला पिंजऱ्यात ठेवले. तो जिथे ठेवला तिथेच बसून राहिला. वहीत त्यांनी तारीख घातली, नऊ लिहिले, सही केली. पेन खिशाला लावला आणि पुढचा पिंजरा ओढला. तोही बसणाऱ्यांतलाच होता.